दिव्यासमोर धरलेली मूठ

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथली सेंट्रॉन ही कंपनी शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट बनवायची. वर्गात कसं वागावं, यंत्रावर काम करताना अपघात कसे टाळावेत, असे त्यांचे विषय. हर्क हार्वी त्या कंपनीत दिग्दर्शक होता. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने घरी परतताना युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी, मावळतीच्या उजेडात त्याला सॉल्टएअर दिसलं. एके काळी लोक तिथे नाचायला आणि पोहायला लोटायचे. आता ते ओस पडलं होतं. घुमट तेवढे उभे, तळ्याचं पाणी दूर हटलेलं. घरी पोचल्यावर हार्वीने जॉन क्लिफर्ड या सहकाऱ्याला पटकथा लिहायला सांगितली. अट एकच होती : शेवटी त्या ओसाड नाचघरात मेलेली माणसं नाचली पाहिजेत. बाकी काय हवं ते लिही.

गावातल्या व्यापाऱ्यांकडून पैसे उभे राहिले. एकूण खर्च तीसेक हजार डॉलर. मंडळींनी कामावरून रजा काढली आणि साधारण तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. १९६२ साली ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ प्रदर्शित झाला, वितरक बुडाला, पैसे परत आले नाहीत आणि हार्वी आपल्या माहितीपटांकडे वळला. पूर्ण लांबीचा दुसरा कथापट त्याने कधीच केला नाही. चित्रपट मात्र अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर रात्री उशिराच्या वेळेत फिरत राहिला. कुणीतरी झोप येत नाही म्हणून संच लावायचं आणि मध्येच कुठेतरी हा सुरू असायचा. त्या प्रेक्षकांनी तो लक्षात ठेवला, एकमेकांना सांगितला, आणि १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला.

भयपटांच्या चाहत्याला हे सगळं पाठ असतं. मेरी हेन्री ही ऑर्गन वाजवणारी मुलगी रात्री गाडी चालवत असते आणि शेजारच्या खिडकीच्या काचेत एक पांढराफटक चेहरा उमटतो. तो चेहरा स्वतः हार्वीचा, हे त्याला ठाऊक असतं. मेरी जिथे ऑर्गन वाजवून पाहते तो कारखाना लॉरेन्समधलाच, हेही ठाऊक असतं. काही ठिकाणी ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण संवाद नंतर भरले. तरी दुकानातल्या त्या प्रसंगात, कपडे बदलून मेरी बाहेर येते आणि सगळे आवाज एकाएकी नाहीसे होतात, विक्रेतीला ती दिसतच नाही, तेव्हा पाचव्यांदा पाहतानाही पोटात खड्डा पडतो. पैसे नव्हते म्हणून ध्वनी काढून टाकला असेल, असं म्हणावं तर तो निर्णय इतका नेमका आहे की महागातल्या महाग ध्वनिमिश्रणाने याहून काही साधलं नसतं.

रहस्य कळलं की भीती संपते, असा सर्वसाधारण समज आहे. भूत म्हणजे रबराचा मुखवटा आहे, रक्त म्हणजे रंग आहे, हे एकदा समजलं की उरलं काय? भयपटावर जीव असलेल्या माणसाचा अनुभव याच्या अगदी उलट असतो. पहिल्यांदा पाहताना त्याला कथेची भीती वाटते : आता काय होणार? दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाहताना काय होणार हे माहीत असतं, आणि नजर चौकटीच्या कोपऱ्यांत फिरू लागते. हा दिवा कुठून येतोय? हा आवाज आधी सुरू झाला की नंतर? ते ताडून पाहत असतानाच मान ताठ होते, हाताचे तळवे ओले होतात. घाबरणं आणि निरखणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. चाहतेपण म्हणायचं ते यालाच. ते अंगी बाणवायला सर्वांत चांगली शाळा म्हणजे कमी पैशांत काढलेले चित्रपट, कारण तिथे प्रत्येक युक्ती हाताने केलेली असते आणि त्या हाताचा माग लागतो.

वॅल ल्यूटनचं उदाहरण घ्यावं. १९४२ साली आरकेओ हा हॉलिवूडचा स्टुडिओ आर्थिक अडचणीत होता. स्वस्तातले भयपट काढून पैसे मिळवायचे म्हणून ल्यूटनला नेमलं गेलं. तो आधी निर्माता डेव्हिड सेल्झनिककडे कथाविभाग पाहायचा. वाचनात बुडालेला माणूस. अटी ठरल्या : खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि नाव स्टुडिओ देणार. पहिलंच नाव हातात पडलं ‘कॅट पीपल’. एवढ्या नावावर कुणीही अंगावर केस चिकटवलेली बाई पडद्यावर आणली असती. ल्यूटन, दिग्दर्शक जाक टूर्नर आणि पटकथाकार डेविट बोडीन यांनी न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या सर्बियन इरेनाची गोष्ट लिहिली. प्रेमाने किंवा मत्सराने पेटलो तर आपण हिंस्र श्वापद होऊ, या धास्तीने तिला नवऱ्याजवळही जाता येत नाही.

यातले दोन प्रसंग चाहते शब्दशः पाठ असल्यासारखे सांगतात. पहिल्यात अ‍ॅलिस ही तरुणी रात्री सेंट्रल पार्कच्या दगडी भिंतीकडेने चाललेली असते. मागून टाचांचा आवाज. एका दिव्याखालून दुसऱ्या दिव्याखाली जाताना मागचा आवाज थांबतो. ती घाईने चालू लागते, आणि इतक्यात कानाशी श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज होऊन पडद्यावर घुसते ती शहराची बस. ब्रेकचा आवाज! संकलक मार्क रॉबसनने तो असा जोडला की चित्रपटगृहात लोक खुर्चीतून उडाले. आजवर हजारो चित्रपटांनी ही युक्ती उचलली आहे आणि बहुतेकांनी तिचा निम्माच भाग घेतला आहे. दचकवणारा आवाज घेतला, पण त्याआधीची ती लांबलचक शांतता, ते एकावर एक पडणारे पावलांचे ठोके घेतले नाहीत. आजकालच्या कित्येक भयपटांत दर दहा मिनिटांनी कर्णकर्कश ठोका बसतो. त्याने दचकायला होतं, भीती वाटत नाही. हा फरक ज्याला ‘कॅट पीपल’ने शिकवला तो पुढे फसत नाही.

दुसरा प्रसंग पोहण्याच्या तलावाचा. अ‍ॅलिस तळघरातल्या तलावात एकटी आहे. गुरगुर ऐकू येते, ती पाण्यात उडी घेते आणि मधोमध जाऊन तरंगत राहते. दिसतं काय? पाण्यावरून परावर्तित होऊन छतावर आणि भिंतींवर हलणारा उजेड, आणि त्यातून सरकणारी एक सावली. टूर्नरने पुढे सांगितलं की ती सावली त्याने स्वतःची मूठ दिव्यासमोर धरून पाडली होती. स्टुडिओच्या वरिष्ठांना काळा बिबट्या पडद्यावर दिसायला हवा होता. टूर्नरने शक्य तिथे त्याला अंधारातच ठेवलं. आज तो प्रसंग पाहताना ती मूठ आहे हे डोक्यात असतंच, आणि तरी भिंतीवर जे सरकतं ते बिबट्याच असतं. कोणत्या क्षणी मूठ दिसेनाशी होते आणि बिबट्या दिसू लागतो, हे पकडायचा प्रयत्न करत चाहता तो प्रसंग पुन्हा मागे नेतो. तो क्षण सापडत नाही.

टोबी हूपरच्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’चं (१९७४) तसंच. नाव ऐकून लोक रक्ताच्या पाटांची अपेक्षा करतात आणि पाहिल्यावर तसे पाट पाहिल्याचं शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात त्यात रक्त फार थोडं आहे. खाटकाच्या आकड्याचा तो कुप्रसिद्ध प्रसंग सावकाश पाहावा. आकडा मांसात शिरताना कुठेही दाखवलेला नाही. टेक्ससचा कडक उन्हाळा, सेटवरची खरी हाडं, घामाने चिकटलेले कपडे आणि जनरेटरची घरघर एवढ्यातून उरलेलं सगळं प्रेक्षक स्वतः रचतो.

अशा चाहत्यांची पहिली मोठी पिढी घडली ती दूरचित्रवाणीमुळे. १९५७ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ या नावाच्या एका गठ्ठ्यात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना विकले गेले. बेला लुगोसीचा ड्रॅक्युला आणि बोरिस कार्लोफचा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, दोघेही १९३१ चे, आता शनिवारी रात्री घराघरांत येऊ लागले. ज्यांच्या आईवडिलांनी ते तरुणपणी पाहिले होते अशी मुलं अंथरुणात बसून ते पाहू लागली. पाठोपाठ १९५८ मध्ये फॉरेस्ट अ‍ॅकरमन याने ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक सुरू केलं. त्यात कार्लोफच्या चेहऱ्यावर जॅक पिअर्सने रंगभूषा कशी चढवली, मुखवटे कसे ओतले जातात, याची माहिती आणि छायाचित्रं असत. राक्षसांवर प्रेम करणाऱ्या मुलांना राक्षस कसे बनतात हे सांगणारं मासिक! त्या मुलांची भीती गेली नाही. त्यांतले कितीतरी स्वतः राक्षस बनवू लागले. रंगभूषाकार रिक बेकर हा त्यांतलाच, पुढे ऑस्कर मिळवणारा. अ‍ॅकरमनचं लॉस एंजेलिसमधलं घर म्हणजे भयपटांच्या वस्तूंचं खच्चून भरलेलं संग्रहालय होतं आणि शनिवारी ते चाहत्यांसाठी उघडं असे. स्टीफन किंगने शाळकरी वयात त्याच्याकडे एक कथा पाठवली होती. ती छापली गेली नाही, पण अ‍ॅकरमनने जपून ठेवली आणि किंग प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर त्याची सही घेतली.

जपून ठेवणं हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. भयपटांची अर्धी परंपरा कुणीतरी जपून ठेवलं म्हणूनच शिल्लक आहे. मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वर बेतलेला, हक्क न घेता. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ओर्लोक झाला, पण स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिच्या ते ध्यानात आलं. निर्मिती करणारी प्राना ही कंपनी एवढा एकच चित्रपट काढून दिवाळखोरीत गेली. १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तोवर काही प्रती देशाबाहेर पोचल्या होत्या आणि त्यांच्यावरून पुढच्या प्रती निघत राहिल्या.

त्या प्रतींत एक गंमत दडली होती. मूकपटांच्या काळात रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून नंतर फिल्मला निळा रंग देत. निळं म्हणजे रात्र. ‘नोस्फेरातू’च्या पुढच्या काळ्या-पांढऱ्या प्रतींतून हा रंग उडाला. त्यामुळे कित्येक दशकं प्रेक्षकांनी पाहिलं की काउंट ओर्लोक शवपेटी काखोटीला मारून भर दिवसा गावातून चालला आहे. आणि सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू नाहीसा होतो ही कल्पना पडद्यावर रुजवणारा चित्रपट हाच! स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या प्रती जुळवून रंग परत आणले, तेव्हा ओर्लोक पुन्हा रात्री चालू लागला. ओर्लोक झालेल्या माक्स श्रेकची ती लांब बोटांची सावली जिना चढत जाते तो प्रसंग कोणत्याही प्रतीत पाहावा, पण एकदा तरी निळ्या रात्रीसह पाहावा.

सगळेच एवढे नशीबवान नसतात. टॉड ब्राउनिंगचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७), लॉन चेनीच्या टोकदार दातांचा आणि उंच टोपीचा, आज अस्तित्वात नाही. शेवटची ज्ञात प्रत एमजीएमच्या तिजोरीला १९६५ मध्ये लागलेल्या आगीत गेली. २००२ मध्ये शिल्लक स्थिरचित्रं जोडून त्याची एक आवृत्ती तयार केली गेली. न पाहिलेल्या चित्रपटावर प्रेम करणारे लोक जगात असतील तर ते भयपटांचे चाहते आहेत.

जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची (१९६८) गोष्ट नेमकी उलटी : तो हरवला नाही, उलट सगळीकडे पसरला. रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिराती काढत. त्यांनी सुमारे १,१४,००० डॉलर जमवले, एव्हान्स सिटीजवळ लवकरच पाडलं जाणार होतं असं एक शेतघर गाठलं आणि कृष्णधवल फिल्मवर चित्रीकरण सुरू केलं. रक्तासाठी चॉकलेटचं सिरप वापरलं; काळ्या-पांढऱ्यात ते चांगलं दिसतं. नायक बेनचं काम ड्वेन जोन्स या कृष्णवर्णी नटाला मिळालं, कारण चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला. पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेखच नव्हता. चित्रपट तयार झाल्यावर प्रत घेऊन रोमेरो न्यूयॉर्ककडे निघाला आणि वाटेत गाडीच्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. रात्रभर मृतांशी झुंजून वाचलेल्या बेनला पहाटे शेरीफच्या टोळीतला माणूस गोळी घालतो. शेवटी वर्तमानपत्रातल्या बातमीचे वाटावेत असे दाणेदार फोटो येतात : आकड्यांनी ओढलेली प्रेतं, पेटवलेला ढीग. १९६८ च्या अमेरिकेत ते फोटो पाहणाऱ्याला काय वाटलं असेल, याची कल्पना आजही करता येते.

वितरकाने नाव बदललं. आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होतं. नव्या नामफलकावर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरो आणि त्याच्या मित्रांचं मोठं नुकसान झालं, आणि ते अन्यायकारकच होतं. पण त्यामुळे कोणतीही वाहिनी, कोणतीही कॅसेट कंपनी तो दाखवू-विकू शकली. न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीच्या खेळांतून, स्वस्तातल्या व्हिडिओ कॅसेटींतून, आता इंटरनेटवरून तो जगभर पोचला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. पिढ्यान्‌पिढ्यांना पहिला झॉम्बीपट म्हणून तोच भेटला. आणि त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द कुणी एकदाही उच्चारत नाही.

जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’कडे (१९७८) मात्र थोडं थांबून पाहायला हवं, कारण पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे खर्चायचे याचा तो धडाच आहे. एकूण हिशेब तीन लाख डॉलरच्या आसपास. गोष्ट इलिनॉयमधल्या शरद ऋतूची. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, वसंतात. वाळकी पानं हवीत म्हणून पानं रंगवली, रस्त्यावर पसरली आणि दृश्य झालं की पुन्हा गोळा करून पोत्यात भरली. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला : ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग दिला. इतकी काटकसर करूनही पॅनाव्हिजनची रुंद चौकट कार्पेंटरने सोडली नाही. ती का, हे दोन-तीनदा पाहिल्यावर उमगतं. नायिका लॉरी चौकटीच्या एका बाजूला असते आणि दुसरी बाजू रिकामी. ती रिकामी जागा प्रेक्षकाला स्वस्थ बसू देत नाही. शेवटाकडे लॉरी दाराला टेकून रडते, शेजारच्या दाराआड मिट्ट काळोख असतो, आणि त्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू उगवतो. छायालेखक डीन कंडी याने एका छोट्या दिव्याचा उजेड सावकाश वाढवत नेला, एवढंच. मुखवटा नेमका कधी दिसू लागला हे सांगता येत नाही, भिंतीवरच्या मुठीसारखंच.

आणि संगीत. संगीताविना चित्रपट एका स्टुडिओच्या कार्यकारी बाईंना दाखवला तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, असं कार्पेंटरने लिहून ठेवलं आहे. मग त्याने स्वतः पियानो आणि सिंथेसायझरवर संगीत केलं. पाच मात्रांचा तो ठेका त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. चारच्या हिशेबाला सरावलेला कान दर आवर्तनात एक मात्रा जास्तीची ऐकतो आणि स्थिरावत नाही.

या परंपरेचा एक धागा मुंबईच्या मालाडपर्यंत आला आहे. जोझेफ विर्शिंग हा म्युनिकचा छायालेखक १९२५ च्या ‘लाइट ऑफ एशिया’साठी भारतात आला आणि पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये रमला. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) त्याच्या कॅमेऱ्याने पाहिला : झुलणारी झुंबरं, नावेतली बाई, वाड्यातल्या लांब सावल्या. जर्मन सिनेमाने उजेड-अंधाराचा जो अभ्यास केला तो इथे अशोककुमार आणि मधुबालाभोवती उभा आहे. त्यातलं लता मंगेशकरांचं ते प्रसिद्ध गाणं दुरून जवळ येत जातं असं वाटावं म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. कसलंही यंत्र नाही. चालत येणारी गायिका. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं.

रामसे कुटुंब याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. फत्तेचंद उ. रामसे आणि त्यांचे सात मुलगे. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण भयानक मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढ्या प्रसंगावर प्रेक्षक खूश होतात, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून हेरलं. मग पूर्ण भयपटच काढायचं ठरलं. मोजकी मंडळी बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेली आणि ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) तयार झाला. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) हे पुढचे टप्पे. त्यांतले विनोदी उपकथानकाचे तुकडे कंटाळवाणे आहेत, गाणी लांबतात, बायकांकडे पाहण्याची नजर खटकते. हे प्रेमानेही नाकारता येत नाही. पण हिरवा-लाल उजेड, धुक्याचे लोट आणि अनिरुद्ध अगरवालचा तो लांबोडका, दगडात कोरल्यासारखा सैतान सामरी समोर आला की कुठलीही टीका आठवत नाही. ज्यांना चित्रपटगृहात जाऊ दिलं जात नव्हतं अशा मुलांसाठी १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ आला, आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने रामसेंना गोधडीच्या फटीतून पाहिलं.

त्याच पिढीच्या हातात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी होते. ग्रंथालयातून आणलेली, कव्हर सुटलेली, पानांच्या कडा मऊ झालेली पुस्तकं. मराठी वाचकाची भीतीची चव त्यांनी घडवली : वाडा, माजघर, तळघर, जुना करार, घरातल्याच माणसाचं बदलणं. ज्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच महाराष्ट्रात गूढकथा इतक्या आवडीने वाचल्या गेल्या, यात विसंगती मुळीच नाही. भुताखेतांवर खरोखर विश्वास असलेला माणूस असले चित्रपट शांतपणे पाहू शकत नाही, तो वाटेतच उठून देवापाशी दिवा लावतो. ज्याचा विश्वास नाही तोच अंधारात दोन तास बसून स्वतःच्या मनाची गंमत पाहू शकतो. मतकरी समाजकार्यातही उतरलेले लेखक होते, आणि त्यांच्या कथांमध्ये खरी धास्ती बहुधा माणसाच्या मनातूनच येते.

अलीकडच्या मराठी भयपटांत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’चं (२०१७) नाव आदराने घ्यावं लागतं. पूजा सावंतने उभी केलेली गरोदर नेहा, उषा नाईक यांची मायाळू आणि म्हणूनच भयंकर तुळसाबाई, आणि चारी बाजूंनी ऊस. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. आणि तरीही मुलगी नको ही गोष्ट कोणत्या घरांत कुजबुजली जाते हे मराठी प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. इथे भीती परक्या दंतकथेतून येत नाही. पुढे फुरियांनीच हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला. तो अधिक लोकांनी पाहिला, पण मूळ चित्रपटाचा आटोपशीरपणा त्यात नाही.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या सगळ्या धाग्यांची गाठ आहे. बीज धारपांच्या कथेचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, भाषा हिंदी आणि माती कोकणाची. बर्वे यांनी शेकडो पानांची चित्रमालिका आधी काढून ठेवली होती. निर्माते मिळाले, गेले; २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, समाधान झालं नाही, पुन्हा केलं. पाऊस खराच हवा होता, म्हणून चार पावसाळे थांबले. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यातलं ते करडं, ओलं, शेवाळलेलं आभाळ कोणत्याही संगणकाने दिलेलं नाही. विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, हस्तर या राक्षसाचं सोनं आणायला विहिरीत उतरायचं शिकवतो. पिठाची बाहुली, दोर, मोजून घेतलेले श्वास. लोभ बापाकडून मुलाकडे एखाद्या हस्तकलेसारखा शिकवला जातो, हे पाहताना हस्तरपेक्षा त्या बापाचीच जास्त धास्ती वाटते.

व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ करणारा हा पहिला भारतीय चित्रपट. २०१८ मध्ये तो चित्रपटगृहांत बेताचाच चालला. मग सहा वर्षं चाहते त्याच्याबद्दल बोलत राहिले : घरी बोलावून दाखवला, वाद घातले, एकेका दृश्यातला उजेड उलगडून सांगितला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. त्या वेळी सभागृहांत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना त्या विहिरीत पुढे काय होणार ते ठाऊक होतं, आणि ते तिकीट काढून मोठ्या पडद्यावर पुन्हा घाबरायला आले होते.  ‘लपाछपी’लाही असा दुसरा फेरा मिळायला हवा : रात्रीच्या उसात लहान मुलांच्या खेळण्याचे ते आवाज चांगल्या चित्रपटगृहाच्या स्पीकरवर, चारी बाजूंनी ऐकायचे आहेत.